आयबीडीचं प्रमाण : शहर आणि खेडं

आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) म्हणजे आतड्याला कायमची सूज आणणारे आजार. मुख्य दोन, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला जखमा होतात) आणि क्रोन्स (तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो). आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) वेगळं बरं का, लोक हमखास गल्लत करतात, आयबीएसमध्ये दुर्बिणीतून आतडं ठीकठाकच दिसतं.

हा शहरी आजार समजला जातो आणि ते अगदीच खोटं नाहीये. 2012 साली जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा शहरात क्रोन्स खेड्याच्या साधारण 1.4 पट आणि कोलायटिस 1.2 पट निघाला. कॅनडातल्या चार प्रांतांत सगळ्यात मोठा फरक 10 वर्षांखालच्या पोरांत दिसला, खेड्यातल्या पोरांना धोका जवळपास 40 टक्के कमी. गोठा, माती, जनावरं यामुळे लहानपणीच जंतूंशी ओळख होते आणि पोटातली प्रतिकारशक्ती शहाणी होते असा अंदाज आहे, शिवाय पाकिटातलं खाणं आणि अँटिबायोटिक्स कमी.

भारतात मात्र हिशोब गुंतागुंतीचा आहे. 1990 मध्ये अंदाजे 1.3 लाख पेशंट होते ते 2019 पर्यंत 2.7 लाख झाले. पण हे मोजायचं कसं? लुधियाना जिल्ह्यात डॉक्टरांनी घरोघरी जाऊन 51,910 लोकांची चौकशी केली, संशय आला त्यांना दुर्बीण टाकली, आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा लाखामागे 44 जणांना कोलायटिस सापडला (2003 मध्ये छापून आलं), म्हणजे आपल्याकडे हा आजार नाहीच म्हणणाऱ्यांची पंचाईतच. हैदराबादच्या एका अभ्यासात पोटाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 30 हजारांहून जास्त पेशंटमध्ये साधारण 5 टक्के आयबीडीचे निघाले आणि गावाकडचे-शहरातले यात फारसा फरकच नव्हता. अर्थात हा ओपीडीतला आकडा आहे, अख्ख्या गावातले 5 टक्के लोक आजारी असा अर्थ काढू नये.

माझ्या मते खेड्यातला आकडा कमी दिसतो त्यात मोठा वाटा न तपासण्याचा आहे. संडासातून रक्त पडलं की पहिलं नाव मूळव्याधीचं, मग कोणीतरी सांगितलेला पाला नाहीतर मेडिकलमधून मलम, आव पडते म्हणून जुलाब थांबवायच्या गोळ्या, हे वर्षभर सुद्धा चालतं कारण कोलायटिस मधेमधे आपोआप शांत होतो आणि औषध लागू पडलं असं वाटतं. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) तालुक्याला सहसा होत नाही, त्यासाठी जिल्ह्याला किंवा पुण्या-मुंबईला जायचं, आदल्या रात्री ते खारट औषध लिटर-दोन लिटर पिऊन पोट साफ करायचं, आणि त्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळीच. क्रोन्सचं तर अजून अवघड, छोटं आतडं मोठ्याला मिळतं तिथे आतड्याचा टीबी हुबेहूब तसाच दिसतो, त्यामुळे आधी टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि तेवढे महिने तो पेशंट टीबीच्याच खात्यात मोजला जातो.