माणसं मोजायची कुणी? मुंबईच्या वस्त्यांमधल्या कामाची पार्श्वभूमी

मुंबईत कुठल्याही वस्तीच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो तो नव्या घराला ‘पात्र की अपात्र’ हाच. धारावीत २०२४ मध्ये घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं तेव्हाही तेच. झोपडीवर नंबर पडला का, माळ्यावरचा भाडेकरू धरला का, कागद कुठल्या सालचा चालेल? बाहेरून बघणाऱ्याला हा नुसता कागदपत्रांचा घोळ वाटतो. पण या शहरातल्या वस्त्यांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती घडला आहे. वस्तीविकास म्हटलं की नळ, गटार, संडास, बालवाडी डोळ्यांसमोर येतात. मुंबईत या सगळ्याच्या आधी यादी लागते, आणि ती यादी कोणाच्या हातात आहे यावर पुढचं बरंच ठरतं.

स्वातंत्र्यानंतरची पहिली दोन दशकं झोपडी दिसली की पाडायची, हेच धोरण होतं. पालिकेची गाडी यायची, बांबू आणि ताडपत्री उचलून न्यायची आणि गाडी वळली की लोक तिथेच किंवा चार पावलं पलीकडे पुन्हा खड्डे खणायचे. कामधंदा शहरातच होता, जाणार कुठे? १९७१ मध्ये महाराष्ट्रात झोपडपट्टी सुधारणेचा कायदा झाला आणि ‘पाडा’च्या जोडीला ‘सुधारा’ हा शब्द सरकारदरबारी आला. पाणी, दिवे, संडास द्यायचे तर माणसं किती, हे कळायला हवं. म्हणून ४ जानेवारी १९७६ रोजी सार्वजनिक जमिनींवरच्या झोपड्यांची एका दिवसात गणती झाली आणि नोंद झालेल्या कुटुंबांना फोटोपास, म्हणजे फोटो लावलेलं ओळखपत्र, मिळाले. सरकारच्या लेखी तो मालकीचा कागद नव्हता. पण ज्यांच्या राहण्याला सरकारी शिक्का असलेला दुसरा कुठलाच आधार नव्हता, त्यांच्यासाठी तो घरातला सगळ्यात मोलाचा कागद ठरला. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला जायचा.

त्या कागदाला मर्यादा किती, हे त्याच वर्षी दिसलं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शेजारी मानखुर्दला जनता कॉलनी होती, सुमारे ७० हजार लोकवस्तीची. यातली बरीच कुटुंबं काही आपणहून तिथे येऊन बसलेली नव्हती. शहरातल्या दुसऱ्या जागांवरून हलवून त्यांना तिथे आणून सोडलं होतं. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरातून आलेला जॉकिन अर्पुथम नावाचा तरुण याच कॉलनीत राहायचा. कचरा उचलायला कोणी येत नाही म्हणून त्याने वस्तीतल्या पोरांना जमवलं, कचऱ्याची पुडकी त्यांच्या हातात दिली आणि ती नेऊन पालिकेच्या कचेरीसमोर टाकायला लावली. पुढे अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून कॉलनी हटवायचं ठरलं. लोक कोर्टात गेले, दिल्लीपर्यंत गेले. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, कॉलनी जमीनदोस्त झाली आणि माणसं ट्रॉम्ब्याच्या दलदलीत चीता कॅम्पला नेऊन टाकली गेली. ही लढाई लढणाऱ्या माणसांनीच ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’ ही झोपडीवासीयांची संघटना उभी केली. घर पडल्यावर मोर्चा काढून फारसं काही हाती लागत नाही, तयारी आधी हवी, हा धडा त्यांनी जनता कॉलनीतून घेतला. माझ्या मते मुंबईच्या वस्त्यांमधल्या पुढच्या सगळ्या कामाची बैठक तिथे घातली गेली.

फूटपाथवर राहणाऱ्यांची अवस्था याहून बिकट होती. झोपडपट्टी सुधारणेच्या योजनांमध्ये त्यांना धरतच नव्हते. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फूटपाथवरच्या लोकांना उठवून आपापल्या गावी पाठवून देण्याची घोषणा केली. तोडकाम सुरू झालं, लोकांना बसमध्ये भरलं गेलं. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यात स्वच्छ शब्दांत सांगितलं आहे. कायद्याच्या वर्गात हा निकाल आजही शिकवतात. पण फूटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही त्याच निकालाने कायम ठेवला. ३१ ऑक्टोबरनंतर नोटीस देऊन हटवता येईल, असं ठरलं. ज्यांच्यासाठी खटला लढला गेला त्यांच्या हातात जेमतेम साडेतीन महिने होते.

त्या साडेतीन महिन्यांत भायखळ्यात जे झालं ते फारसं कोणी सांगत नाही. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘स्पार्क’ ही संस्था काढली होती. पालिकेच्या दवाखान्यामागचं एक गॅरेज हे त्यांचं ऑफिस. झुला मैदान, डिमटीमकर रोड, सोफिया झुबेर रोड इथल्या फूटपाथवरच्या बायका तिथे येऊन बसायच्या. या बायकांना सोबत घेऊन ई वॉर्डातल्या, म्हणजे भायखळा भागातल्या, आणि काही मोठ्या रस्त्यांवरच्या फूटपाथवासीयांची मोजणी केली गेली. सुमारे ६ हजार कुटुंबं, २७ हजार माणसं. त्यातून जे बाहेर आलं ते शहराच्या समजुतीशी कुठेच जुळत नव्हतं. ही मंडळी आज इथे, उद्या तिथे अशी फिरती नव्हती. कितीतरी कुटुंबं त्याच जागी दहा-दहा वर्षांहून जास्त काळ होती. बहुतेक जण कामावर पायी जात, कारण बसच्या तिकिटाचे पैसे परवडत नव्हते. फूटपाथ सोडता येत नाही याचं कारणही तेच. ३१ ऑक्टोबर उलटला तरी धास्ती होती तशी सरसकट तोडफोड झाली नाही.

१९८६ मध्ये या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. तिच्या बचतीची रीत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. रोज एखादी बाई गल्लीभर फिरून एक रुपया, दोन रुपये, जे जमेल ते गोळा करायची. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. मग प्रत्येकीच्या नावाची एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात रंगीत कागदाचे चौकोन. एक रंग एका रकमेचा, दुसरा दुसऱ्या रकमेचा. पिशवी पाहिली की हिशोब कळायचा, वाचायची गरजच नाही. अडीनडीला, म्हणजे कोणी आजारी पडलं, रेशन भरायला पैसे नाहीत, तर त्यातूनच कर्ज मिळायचं. पण या फेरीने आणखी एक मोठं काम होत होतं. रोज दारात जाणाऱ्या बाईला कोण गावी गेलंय, कुणाचा नवरा पडून आहे, कुणाची झोपडी काल तोडली, हे आपोआप कळतं. सरकारी गणती एका दिवसाची असते. ही गणती रोज चालायची.

घराचा विचारही त्याच बायकांनी केला. फूटपाथवर घर कसं असावं, हे कोण विचारणार? तरी त्यांनी विचारलं आणि साडीने मापं घेत आपलं घर आखलं. मग कापड आणि पुठ्ठे लावून खऱ्या आकाराचं घर उभं केलं आणि लोकांना, अधिकाऱ्यांना बोलावून दाखवलं. छत उंच हवं, कारण पोटमाळा निघाला की त्याच जागेत झोपणारी माणसं दुप्पट मावतात. संडास मात्र प्रत्येक घरात नको, काही घरांत मिळून असावा, म्हणजे पाण्याची आणि जागेची अडचण होणार नाही आणि पैसेवाल्यांची त्या घरांवर नजर जाणार नाही. हा हिशोब शाळेत शिकवून येत नाही. पुढे मानखुर्दच्या मिलन नगरात हीच आखणी काही प्रमाणात प्रत्यक्षात उतरली. १९९५ ला झोपडीच्या बदल्यात मोफत घर देणारी झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली तेव्हा फूटपाथवरच्या कुटुंबांनाही तिच्यात घेतलं गेलं. दहा वर्षांपूर्वी जे कुठेच नव्हते ते सरकारी योजनेत आले, ही बायकांनी केलेल्या मोजणीची कमाई आहे असं मी मानतो.

पुण्याने याच मार्गावर वेगळं पाऊल टाकलं. १९९९ नंतर आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या काळात वस्त्यांमध्ये शेकडो सार्वजनिक संडास बांधले गेले. कंत्राट स्वयंसेवी संस्थांना आणि देखभाल वस्तीकडे. बायकांची रांग वेगळी, लहान मुलांसाठी छोटी भांडी, वर राखणदाराच्या कुटुंबाची खोली, महिन्याचा पास. मुंबईत मात्र खरा कस लागला तो रेल्वेरुळांलगत. फेब्रुवारी २००० मध्ये रेल्वेने रुळांशेजारच्या झोपड्या तोडल्या, लोक रुळांवर उतरले. त्यानंतर रेल्वे आणि रस्ते वाढवण्याच्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात हजारो कुटुंबं हलवली गेली. या कुटुंबांच्या याद्या आधीच तयार होत्या, त्यामुळे स्थलांतर बऱ्याच अंशी मारहाणीशिवाय झालं. अनेकांनी आपली झोपडी स्वतःच्या हाताने उतरवली.

पण ती माणसं गेली कुठे? मानखुर्द, गोवंडी, वाशी नाका. म्हणजे मुख्यतः एम पूर्व वॉर्डात, ज्याचा मानव विकास निर्देशांक २००९ च्या अहवालात मुंबईत सगळ्यात खाली होता. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड इथल्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात तिथल्या क्षयरोगाचा संबंध याच रचनेशी लावला गेला. कुटुंबं नीट मोजली गेली आणि नंबराप्रमाणे खोल्याही मिळाल्या. उजेड, वारा, कामाच्या जागेचं अंतर, शेजार हे मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हतं. या स्थलांतराला यश म्हणणाऱ्यांनी गोवंडीच्या एखाद्या तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावून बसलेल्या बाईशी बोलावं, असं मला कळकळीने वाटतं.

यादीची दुसरी बाजूही याच काळात उघड झाली. १९९५ ची योजना ‘१ जानेवारी १९९५ पूर्वीचे’ एवढ्यांनाच घर, अशी अट घेऊन आली, नंतर ते साल २००० वर सरकलं. सालाची रेघ आली की रेघेच्या पलीकडचा माणूसही ठरतो. वस्तीने स्वतःला वाचवायला केलेली मोजणी आता माणसं वगळायलाही वापरता येते. पूर्वी घर तुटायचं तेव्हा गल्ली एकत्र यायची. आता शेजारी-शेजारी कागदांची सालं निरनिराळी.

धारावीत हे सगळं एकाच जागी दिसतं. राजीव गांधींनी मुंबईसाठी दिलेल्या १०० कोटींपैकी काही रक्कम धारावीला आली तेव्हा, १९८६ च्या सुमारास, सरकारी अंदाज होता ५५ हजार कुटुंबांचा. फेडरेशनने आणि रहिवाशांनी मिळून मोजलं तेव्हा ती ८६ हजारांच्या घरात निघाली. आकडा लोकांनी दिला म्हणून अनेक घरांना हटवण्याचा विचार मागे पडला. आजच्या योजनेत तळमजल्यावरच्या २००० पूर्वीच्या झोपडीला धारावीतच मोफत घर आहे. २००० ते २०११ मधल्यांना अडीच लाख भरून धारावीबाहेर घर, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना बाहेरच, भाड्याने. त्या माळ्यांवर राहणाऱ्यांत शिवणकाम करणारी, चामड्याच्या कारखान्यात राबणारी, हॉटेलात भांडी घासणारी माणसं आहेत. धारावीतल्या उलाढालीतला मोठा वाटा त्यांच्या हातून जातो, आणि चाळीस वर्षांपूर्वीसारखी आपली स्वतंत्र यादी करायला त्यांच्यापाशी आज संघटना नाही.