वेबसाइट तपासणारी ऑनलाइन टूल्स

वेबसाइटची तपासणी म्हणजे साइटचा पत्ता एखाद्या ऑनलाइन टूलमध्ये टाकायचा आणि कोड नियमात बसतो का, पान किती वेळात उघडतं, न दिसणाऱ्याला किंवा माउस न वापरणाऱ्याला ते वापरता येतं का, हे मशीनकडून बघून घ्यायचं. बरीचशी टूल्स फुकट आहेत.

यातलं सगळ्यात ओळखीचं म्हणजे डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा व्हॅलिडेटर, म्हणजे पानाचा कोड नियमात बसतो का ते बघणारं टूल. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली ही संस्था वेबची मानकं ठरवते, पण एचटीएमएलचं, म्हणजे पानं ज्या भाषेत लिहितात तिचं, मानक २०१९ च्या करारापासून व्हॉटडब्ल्यूजी हा ब्राउजर बनवणाऱ्यांचा गट सांभाळतो आणि ते सतत बदलत राहतं, त्यामुळे काही वर्षांपूर्वी पास झालेलं पान आज पासच होईल असं नाही. एकेकाळी लोक 'व्हॅलिड एक्सएचटीएमएल'चा (एचटीएमएलचा जुना, कडक प्रकार) बिल्ला पानाच्या तळाशी मिरवायचे, आता ते फॅड गेलं.

व्हॅलिडेटरची एरर वाचणं हीच खरी गंमत आहे. समजा परिच्छेदाच्या पी टॅगच्या (कोडमधल्या खुणेच्या) आत कोणी यूएल टॅगची यादी टाकली, तर नियमाप्रमाणे यादी सुरू होताच पी आपोआप बंद होतो, आणि यादीनंतर तुम्ही लिहिलेला बंद करायचा पी बेवारस पडतो. व्हॅलिडेटर बोंब मारतो ती त्या शेवटच्या ओळीवर, चूक असते वर. म्हणून एररची लांबलचक यादी आली तरी घाबरायचं नाही, वरून पहिली दुरुस्त करायची आणि परत चालवायचं, कधीकधी निम्म्या तिथेच गळतात. ब्राउजर असल्या चुका निमूट पोटात घालतात त्यामुळे 'मला तर साइट नीट दिसते' हे काही उत्तर नाही. डॉक्टाइप, म्हणजे पान कुठल्या प्रकारचं ते सांगणारी कोडची पहिली ओळ, विसरलं तर ब्राउजर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे जुन्या ब्राउजरांच्या खोडी मुद्दाम सांभाळून पान मांडतो, आणि मग मांडणी का बिघडली ते शोधत बसा.

ॲक्सेसिबिलिटीसाठी, म्हणजे अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठी, डब्ल्यूसीएजी हे मानक आहे, २०२३ मध्ये त्याची २.२ ही आवृत्ती आली. वेबएम या संस्थेचं वेव्ह हे टूल त्यातलं जे मशीनला कळतं तेवढं दाखवतं. या मानकाच्या एए या मधल्या पातळीवर साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक, किमान ४.५ ला १ लागतो. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडचा करडा रंग ४.५४ वर पास होतो आणि ७७७७७७ हा ४.४८ वर नापास, दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळणार नाही! उलट फोटोच्या ऑल्टमध्ये, म्हणजे फोटोचं वर्णन लिहायच्या जागी, नुसतं 'फोटो' लिहिलं तरी व्हॅलिडेटर खूश, स्क्रीन रीडरवर (पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकणाऱ्याला मात्र काही कळत नाही. टॅब की दाबत पूर्ण फॉर्म भरून बघणं हे कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगतं.

वेगासाठी गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स. त्यात लाइटहाउस या गुगलच्याच चाचणी टूलचे १०० पैकी मार्क असतात, ९० पासून पुढे हिरवं, आणि लोक त्या हिरव्याच्या मागे वेडे होतात. पण ते मार्क एका नकली मोबाइलवरच्या एकाच चाचणीचे, परत चालवलं की बदलतात. खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे वेगळे दिलेले असतात, आणि त्यांच्या मर्यादा अशा: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, पान उड्या मारू नये म्हणजे सीएलएस ०.१ च्या आत, आणि हे निदान ७५ टक्के भेटींमध्ये. वापरकर्त्यांचे हे आकडे मागच्या २८ दिवसांचे असल्यामुळे आज केलेली दुरुस्ती उद्या तिथे पूर्ण दिसत नाही. साइटला पुरेशी गर्दी नसेल तर हा भाग रिकामाच राहतो.

साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आणि टीएलएसची, म्हणजे साइटशी जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीची, सेटिंग क्वालिस कंपनीचं एसएसएल लॅब्स तपासतं, ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड देतं.

लॉगिनच्या आतली पानं किंवा अजून आपल्याच कॉम्प्युटरवर असलेली साइट या टूल्सना बाहेरून दिसत नाही. तेव्हा व्हॅलिडेटरमध्ये कोड थेट पेस्ट करायचा किंवा फाइल अपलोड करायची, आणि लाइटहाउस क्रोम ब्राउजरमधल्या डेव्हटूल्स या डेव्हलपरांच्या टूल्समधूनच चालवायचं.