गाठ आटली, पण झोप उडाली

ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये लिहून ठेवलं की स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बाईचे बीजांडकोष काढले, तर गाठी आटू शकतात. बीजांडकोषात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं (हार्मोनचं) नावही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुष-संप्रेरक तोडून तोच परिणाम दाखवला. या कामासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. संप्रेरक तोडल्यावर अंगाचं काय होतं, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. माणूस जगतोय ना, मग अंगातून उसळणाऱ्या गरम वाफांचं काय घेऊन बसलात, असाच सूर होता.

स्तनाच्या गाठीवर इस्ट्रोजेनचा परिणाम होऊ न देणाऱ्या टॅमॉक्सिफेनने हे चित्र बदललं. मुळात गर्भनिरोधक म्हणून शोधलेल्या या गोळीला कॅन्सरसाठी ब्रिटनमध्ये १९७३ ला आणि अमेरिकेत १९७७ ला मान्यता मिळाली. गाठ काढून झालेल्या, एरवी धडधाकट बायका ही गोळी पाच-पाच वर्षं घेऊ लागल्या, पुढे काहींना दहा वर्षंही सांगितली गेली. रात्री दोनला छातीतून वाफ उसळते, मान-चेहरा तापतो, गाऊन घामाने चिंब होतो. तो बदलून आडवं व्हावं, तर हुडहुडी भरते. १९९० च्या दशकात आलेल्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या इस्ट्रोजेन घटवणाऱ्या गोळ्यांनी सांधे धरू लागले, सकाळी मूठ वळेना. योनीच्या कोरडेपणाबद्दल तर नवऱ्याशीही बोलणं जड जातं.

हे मोजायचं कसं? १९४० च्या दशकाअखेरची कार्नोफ्स्की मोजपट्टी, म्हणजे रुग्ण रोजची कामं किती करू शकतो याचे गुण, डॉक्टरांच्या नजरेची. घर-नोकरी सांभाळणाऱ्या बाईला शंभरापैकी नव्वद गुण सहज मिळत, मग तिची वर्षभर सलग झोप झालेली नसली तरी. १९९३ मध्ये युरोपातून आलेल्या क्यूएलक्यू-सी३० या रुग्णाच्या जगण्याच्या दर्जाबद्दलच्या ३० प्रश्नांच्या पत्रकात उत्तरं रुग्णच देऊ लागला. ही मला या इतिहासातली खरी कलाटणी वाटते. तरी त्यातही वाफांबद्दल प्रश्न नव्हता. खास संप्रेरकांच्या त्रासासाठीची फॅक्ट-ईएस प्रश्नावली १९९९ ची.

बाहेरून संप्रेरक देण्याचा सोपा वाटणारा उपाय स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांवरच्या हॅबिट्स चाचणीत अंगलट आला. स्तनाचा कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणून मग व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या गोळीसारख्या, संप्रेरक नसलेल्या औषधांकडे वळावं लागलं. कारण त्रासाला कंटाळून कितीतरी जणी गोळी मधूनच सोडतात, आणि पुढच्या तपासणीला ‘गोळी चालू आहे ना?’ असं विचारलं, की ‘हो’ म्हणतात.