घनफळ

वस्तूने व्यापलेल्या जागेच्या मापास घनफळ म्हणतात. ते घन एककांत सांगतात. १ घनमीटर जागेत १,००० लिटर पाणी मावते. इष्टिकाचिती, घन आणि वृत्तचिती यांचा आडवा छेद तळापासून माथ्यापर्यंत सारखाच राहतो, म्हणून तळाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणले की त्यांचे घनफळ येते. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत ५ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १४१ घनमीटर भरते. तोच तळ व तीच उंची असलेला शंकू वृत्तचितीच्या एकतृतीयांश असतो. गोल हा त्याला नेमक्या बसणाऱ्या वृत्तचितीच्या दोनतृतीयांश असतो, हे आर्किमिडीजने सिद्ध केले.

खानदेशात या गणिताच्या अध्ययनाची जुनी खूण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाचा उल्लेख चाळीसगावजवळच्या पाटण येथील, तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) खड्ड्यांसाठी खातव्यवहार, रचलेल्या विटांसाठी चितिव्यवहार आणि धान्यासाठी राशिव्यवहार अशी प्रकरणे आहेत.

यांतील राशीचा नियम सर्वांत मार्मिक आहे. खळ्यातल्या राशीच्या पोटातून टेप घालता येत नाही, पण तळाभोवती दोरी सहज फिरवता येते. म्हणून हा नियम परिघावरच उभा आहे. राशीची उंची जाड धान्यासाठी परिघाचा दहावा, बारीक धान्यासाठी अकरावा आणि कुसळाच्या धान्यासाठी नववा भाग धरावी, मग परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणावे. हरभऱ्याच्या राशीभोवती ६ मीटर दोरी लागली, तर उंची ०.६ मीटर आणि घनफळ ०.६ घनमीटर, म्हणजे ६०० लिटर येते. शंकूच्या सूत्राने तेच सुमारे ५७३ लिटर भरते, कारण या नियमात परीघ व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे. रास भिंतीला टेकलेली असेल तर मोजलेला परीघ दुप्पट करून आलेल्या फळाचे निम्मे घ्यावे. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर चौपट करून चतुर्थांश.

खातव्यवहारातील नियम उतरत्या बाजूंच्या शेततळ्याला आजही जसाच्या तसा लागू पडतो. वर ३० × ३० मीटर, तळाशी २४ × २४ मीटर आणि ३ मीटर खोल असे तळे घेतले, तर वरचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६, आणि वरच्या व खालच्या बाजूंच्या बेरजेवरचे, म्हणजे ५४ × ५४, असे २,९१६ होते. तिन्हींच्या बेरजेचा सहावा भाग ७३२, आणि त्याला खोलीने गुणल्यावर २,१९६ घनमीटर येतात. बाजू उभ्या समजून केलेला हिशेब २,७००वर जातो. उताराकडे दुर्लक्ष केले तर ५०४ घनमीटर, म्हणजे ५ लाख ४ हजार लिटर, पाणी तळ्यात नसताना कागदावर धरले जाते.