शाळेचा डेटाबेस, सरकारी पोर्टल आणि मधली सीएसव्ही

विद्यार्थ्यांच्या नोंदींचं जनरल रजिस्टर ऑफिसातल्या संगणकात भरून ठेवायचं आणि तीच माहिती पोर्टलवर पुन्हा टाइप करायची, हा दुहेरी कारभार शिक्षकांना नवा नाही. तो टाळायची खटपटही बरीच जुनी आहे.

अमेरिकेत 1997मध्ये 'स्कूल्स इंटरऑपरेबिलिटी फ्रेमवर्क'ची, म्हणजे सिफची, सुरुवात झाली. तिथल्या शाळांत प्रवेशाचं सॉफ्टवेअर वेगळं, ग्रंथालयाचं वेगळं, कॅन्टीनचं आणि बसचं आणखी वेगळं. एका मुलाचा पत्ता बदलला की तो प्रत्येक ठिकाणी बदलायचा. सिफचा तोडगा असा होता : प्रत्येक सॉफ्टवेअरला एक मध्यस्थ प्रोग्रॅम जोडायचा, त्याने बदल ठरलेल्या एक्सएमएल साच्यात (म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाची खूण लावून) मधल्या सर्व्हरकडे पाठवायचा आणि तिथून ज्याला हवा त्याने तो घ्यायचा. एक्सएमएल 1.0 फेब्रुवारी 1998मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झालं आणि अ‍ॅक्सेस 2002 या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये तक्ता थेट एक्सएमएलमध्ये काढायची सोयही आली.

कागदावर हे देखणं होतं. पण मधला सर्व्हर आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचा मध्यस्थ सांभाळणं एका कारकुनाच्या भरवशावर चालणाऱ्या शाळेच्या आवाक्यातलं नव्हतं. तिथे कामाला आली ती साधी सीएसव्ही : एका ओळीत एक विद्यार्थी, मध्ये स्वल्पविराम. तिचे नियम 2005मध्ये 'आरएफसी 4180' या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून काढले, तेही लोक आधीपासून जे करत होते ते पाहूनच. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा वर्ग एकदम दाखल करायचा तर आजही सीएसव्हीच चढवतात. वर्गाच्या याद्या एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीच्या 2015च्या 'वनरोस्टर' प्रमाणातही एपीआयच्या (दोन सॉफ्टवेअरनी थेट एकमेकांशी बोलायच्या सोयीच्या) जोडीला सीएसव्हीची वाट ठेवलेली आहे. माझ्या मते यात मागासलेपण काही नाही. जी फाइल नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी तपासता येते, तीच शाळेत टिकते.

आपल्याकडे 1990च्या दशकाच्या मध्यात 'डाइस' ही शाळांची माहिती गोळा करायची सरकारी व्यवस्था आली. शाळेने छापील फॉर्म भरायचा आणि जिल्ह्याच्या संगणकावर त्याची नोंद व्हायची. 2012-13मध्ये प्राथमिक आणि माध्यमिकची माहिती एकत्र करून 'यू-डाइस' झालं. या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शाळेचा 11 अंकी कोड : राज्याचे दोन अंक (महाराष्ट्राचे 27), जिल्ह्याचे दोन, तालुक्याचे दोन, गावाचे तीन, शाळेचे दोन. शाळेच्या नावाचं स्पेलिंग कोणी कसंही केलं तरी कोडामुळे नोंद जागेवर जाते. फाइल कोणत्या साच्यात आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

मराठीची अडचण निराळीच. आयएसएम किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणून साठत. फॉन्ट असेपर्यंत सगळं मराठी दिसे. वेबसाइटवर चढवलं की कचरा. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारं युनिकोड आल्यावर हे संपायला हवं होतं, पण एक्सेलमधून साधी सीएसव्ही सेव्ह केली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटत. देवनागरी शाबूत ठेवणारा 'सीएसव्ही यूटीएफ-8' हा पर्याय एक्सेल 2016च्या काळात मिळाला, म्हणजे महाराष्ट्रात 2015मध्ये विद्यार्थ्यांच्या नोंदींचं 'सरल' हे सरकारी पोर्टल सुरू होऊन गेल्यावर.

आकड्यांचं दुखणं तर अजून आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले 15 अंकच धरून ठेवतं. सरलचा विद्यार्थी आयडी 19 अंकी. सीएसव्हीवर डबल क्लिक करून ती उघडली की शेवटच्या चार अंकांचे शून्य होतात, आणि तशीच सेव्ह केली तर मूळ अंक कायमचे जातात. आधार क्रमांकाची तऱ्हा आणखी वेगळी : साध्या रकान्यात तो 1.23457E+11 असा दिसतो आणि सीएसव्हीत तसाच उतरतो. म्हणून डबल क्लिक न करता एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून फाइल आत घ्यायची आणि असे रकाने आधीच 'टेक्स्ट' म्हणून निवडायचे.