थरूर आणि जयशंकर : दोघंही ‘फॉरेनात’, पण हुकूम कुणाचा?

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्याजवळच्या एका अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीचा सराव घेतो. वर पत्रे, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि थंडीतसुद्धा जागेवरून न हलणारा एक कूलर. एका रविवारी जिंतूरकडची एक मुलगी समोर बसली होती. परराष्ट्र सेवेतून राजकारणात आलेली दोन नावं सांग, एवढाच प्रश्न होता. ती तडक म्हणाली, “एस. जयशंकर आणि शशी थरूर.”

“थरूर कोणत्या बॅचचे?”

ती गप्प. मागच्या बाकावरून एकजण मदतीला धावला : “सर, दोघंबी फॉरेनातच होते की! बॅच कामून विचारायलात?”

सगळे हसले, पण उत्तर चुकलं ते चुकलंच. थरूर यांना बॅच नाही. भारतीय परराष्ट्र सेवेत ते एक दिवसही नव्हते.

ही चूक होते म्हणून पोरांना फार बोलता येत नाही, कारण दोघांचं सुरुवातीचं आयुष्य एकाच साच्यातून काढल्यासारखं दिसतं. जयशंकर यांचा जन्म १९५५चा, थरूर यांचा १९५६चा. दोघंही दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजचे. दोघंही डॉक्टरेट, जयशंकर जेएनयूचे, तर थरूर अमेरिकेतल्या फ्लेचर स्कूलचे, तेही बाविसाव्या वर्षी. जयशंकर १९७७ मध्ये परराष्ट्र सेवेत आले, थरूर १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयात रुजू झाले. पुढे दोघांनाही परराष्ट्र मंत्रालयात मंत्रिपद मिळालं. त्यात एक गंमत अशी, की ज्यांनी भारताच्या परराष्ट्र धोरणावर प्रबंध लिहिला ते थरूर गेले संयुक्त राष्ट्रांत, म्हणजे आपल्याकडचे जुने लोक अजून ज्याला ‘युनो’ म्हणतात तिथे.

फरक कळायला पगार, गाडी, बंगला बघून उपयोग नाही. हुकूम कुणाचा, ते बघायचं. परराष्ट्र सेवेतला माणूस भारत सरकारचा. दिल्लीहून सूचना आली की ती त्याला पटो न पटो, परक्या राजधानीत जाऊन तीच भूमिका मांडायची. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्याचं बरोबर उलट. सनदेच्या कलम १०० प्रमाणे त्याने कोणत्याही सरकारकडून सूचना मागायच्या नाहीत आणि आल्या तर घ्यायच्या नाहीत. स्वतःच्या देशाकडूनही नाही. नागरिकत्व भारताचं राहतं, कामावर मात्र भारताची बाजू घ्यायची मुभा नाही. म्हणजे एकाची नोकरी देशाची बाजू घेण्याची आणि दुसऱ्याची ती न घेण्याची. आपण मात्र दोघांनाही सरसकट ‘मुत्सद्दी’ म्हणून मोकळे होतो.

याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण ‘शांतिसेना’ या शब्दात आहे. १९८८ ते १९९० या काळात जयशंकर कोलंबोच्या आपल्या उच्चायुक्तालयात होते आणि श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेचे राजकीय सल्लागार होते. थरूर १९८९ पासून न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना विभागात होते. काळ एक, शब्दही एक. पण श्रीलंकेतल्या त्या सेनेचा संयुक्त राष्ट्रांशी काही संबंध नव्हता. १९८७च्या भारत-श्रीलंका करारानुसार गेलेलं ते आपलं स्वतःचं सैन्य होतं. संयुक्त राष्ट्रांचं निळं शिरस्त्राण नाही, न्यूयॉर्कचा आदेश नाही; दिल्लीने पाठवलं म्हणून गेलं, हजारावर जवान तिथे गमावले आणि दिल्लीने बोलावलं तेव्हा मार्च १९९० मध्ये परतलं.

थरूर ज्या कामात होते तिथला मामला वेगळा. १९९१ पासून त्यांच्याकडे युगोस्लाव्हियाचं प्रकरण होतं. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत कितीतरी देशांचे सैनिक होते आणि त्या फौजेचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नांबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. हे सांगितलं की आमच्या अभ्यासिकेत माना वर होतात. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही ज्या रेजिमेंटची युद्धघोषणा, तिथे घडलेला अधिकारी. पण त्या नेमणुकीत त्यांनी हुकूम घ्यायचा तो न्यूयॉर्कचा, दिल्लीचा नव्हे. माणूस आपला, हुकूम त्यांचा. एवढं डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो.

उरलेला निम्मा मिटवायला मी पोरांना मराठवाड्याचाच इतिहास सांगतो. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन सगळे करतात, पण आदल्या दिवशी काय चाललं होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १६ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारताची पोलीस कारवाई चालू असताना, हैदराबादचा प्रश्न पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेसमोर आला होता. निजामाचं शिष्टमंडळ मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखाली गेलं होतं, भारताची बाजू रामस्वामी मुदलियार मांडत होते. भारताचं म्हणणं असं, की हैदराबाद हा मुळात स्वतंत्र देशच नाही, तर त्याला इथे दाद मागायचा अधिकार येतो कुठून? म्हणजे तुमचं-माझं गाव, आपलं परभणी-नांदेड, तेव्हा सुरक्षा परिषदेच्या टेबलावर होतं.

आता माझा प्रश्न. त्या सभागृहात समजा एक भारतीय तरुण संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत आहे, भाषणं टिपून घेतोय. औंढ्याचा धरा हवं तर. त्याने काय करायचं? पोरं लगेच म्हणतात, मुदलियारांना चिठ्ठी द्यायची. नाही. त्याने दोन्ही बाजूंचं भाषण सारख्याच इमानाने टिपायचं. मुदलियारांच्या मागे जो भारतीय अधिकारी बसला असेल, त्याचं काम मात्र चिठ्ठ्या देणं हेच. थरूर यांची पुढची एकोणतीस वर्षांची नोकरी त्या टिपणाऱ्याच्या जातीची, जयशंकर यांची चिठ्ठी देणाऱ्याच्या.

याच प्रकरणात शब्दाचीही एक खुबी आहे. निजामाशी झालेल्या जैसे थे करारानंतर भारताने हैदराबादेत कन्हैयालाल मुन्शींना पाठवलं, पण ‘राजदूत’ म्हणून नाही, ‘एजंट जनरल’ म्हणून. राजदूत नेमला असता तर हैदराबाद वेगळा देश असल्याची कबुलीच झाली असती. शिवाय मुन्शी हे उलट्या वाटेचे प्रवासी : आधी राजकारण, मग हे दूतासारखं काम, मग पुन्हा राजकारणात येऊन केंद्रात मंत्री.

शब्दांचाच विषय निघाला आहे तर थरूर यांच्या हुद्द्याबद्दलही सांगतो. ते संयुक्त राष्ट्रांत ‘अंडर सेक्रेटरी जनरल’ होते, जनसंपर्क आणि माहिती विभागाचे प्रमुख. आपल्याकडे मंत्रालयात ‘अंडर सेक्रेटरी’ म्हणजे अवर सचिव, उतरंडीत बराच खाली. त्यामुळे एका पोराने मला विचारलं होतं, “सर, मग ते तर लहानच साहेब होते ना?” अरे बाबा, तिथे महासचिव आणि उपमहासचिव यांच्या खालोखाल तेच पद. नुसतं ‘अंडर’ ऐकून फसायचं नाही.

पासपोर्टवरूनही ओळख पटते. तुमचा-माझा पासपोर्ट गडद निळा, आपल्या राजनैतिक अधिकाऱ्याचा मरून, आणि दोन्ही परराष्ट्र मंत्रालयाच्याच यंत्रणेतून निघतात. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्याला याखेरीज संस्थेचं स्वतःचं प्रवासपत्र मिळतं, त्याला ‘लेसे पासे’ म्हणतात. त्यावर कोणत्याच देशाची मुद्रा नसते.

२००६ मध्ये मात्र या दोन वाटा एकदा एकमेकींना छेदून गेल्या. कोफी अन्नान यांच्यानंतर महासचिव कोण, या निवडीत भारत सरकारने थरूर यांना आपला अधिकृत उमेदवार केलं. सुरक्षा परिषदेत चार चाचणी मतदानं झाली आणि चारही वेळा थरूर दुसरे आले, पहिले दक्षिण कोरियाचे बान की-मून. २ ऑक्टोबरच्या शेवटच्या चाचणीत थरूर यांना दहा मतं अनुकूल, तीन प्रतिकूल. त्या तिनांत एक कायम सदस्याचं. कायम सदस्याला नकाराधिकार असतो, त्यामुळे त्याचं एक प्रतिकूल मत म्हणजे खेळ खल्लास. त्यांनी माघार घेतली आणि पुढच्या वर्षी संस्था सोडली.

याच्या आदल्याच वर्षी अगदी उलटी गोष्ट घडली होती. नटवर सिंह हे १९५३च्या बॅचचे अस्सल परराष्ट्र सेवेतले. १९८४ मध्ये नोकरी सोडून काँग्रेसमध्ये आले आणि २००४ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. इराकच्या ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेची चौकशी करणाऱ्या व्होल्कर समितीच्या अहवालात नाव आल्यावर त्यांचं खातं गेलं आणि मग मंत्रिपदही. ती समिती नेमली होती संयुक्त राष्ट्रांनी.

राजकारणात शिरण्याच्या दोघांच्या तऱ्हा तर फारच वेगळ्या, आणि मला स्वतःला हा भाग जास्त रंगतदार वाटतो. जयशंकर प्राग, सिंगापूर, बीजिंग, वॉशिंग्टन असे वर चढत आले. २०१५च्या जानेवारीत निवृत्तीला दोन-तीन दिवस उरले असताना परराष्ट्र सचिव झाले, तीन वर्षं राहिले, मग टाटा समूहात गेले. ३० मे २०१९ ला थेट परराष्ट्रमंत्री म्हणून शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत सदस्य व्हावं लागतं, त्याप्रमाणे जुलैत गुजरातमधून राज्यसभेवर आले. सचिव आणि मंत्री यांतही पोरं घोळ घालतात : सचिव हा खात्याचा सर्वांत वरचा नोकर, मंत्री हा लोकसभेला उत्तर देणारा. परराष्ट्र सचिव राहून पुढे त्याच खात्याचा मंत्री झालेला हा पहिला माणूस.

थरूर यांनी मात्र मतदाराच्या दारात जाऊन मतं मागितली. २००९ मध्ये तिरुवनंतपुरमची लोकसभा, पहिल्याच निवडणुकीत जवळपास लाखाचं मताधिक्य. नंतर २०१४ आणि २०२४ मध्ये ते पंधरा-सोळा हजारांवर आलं, तरी चारही वेळा निवडून आले. संयुक्त राष्ट्रांच्या तीन दशकांत ज्याला सामान्य मतदारापुढे मतासाठी हात जोडावे लागले नव्हते, त्याने हे केलं याचं मला कौतुक आहे. परराष्ट्र राज्यमंत्रिपदावर मात्र ते वर्षभरही टिकले नाहीत, आणि अडखळले ते शब्दांवरच. विमानाच्या स्वस्त वर्गाला गुरांचा वर्ग म्हणण्याची इंग्रजीतली रूढ थट्टा त्यांनी ट्विटरवर केली आणि देशभर गदारोळ झाला. पुढे रियाधमध्ये सौदी अरेबियाबद्दल त्यांनी ‘इंटरलोक्युटर’ हा शब्द वापरला. अर्थ एवढाच, की ज्याच्याशी बोलणी करता येतात असा. इकडे तो ‘मध्यस्थ’ म्हणून वाचला गेला. पाकिस्तानशी आपल्या व्यवहारात तिसरा मध्यस्थ नको ही भारताची जुनी भूमिका, त्यामुळे पुन्हा वादळ. एप्रिल २०१० मध्ये कोचीच्या आयपीएल संघाच्या वादात मंत्रिपद गेलं. जगाच्या संस्थेचा प्रसिद्धीविभाग सांभाळलेला माणूस घरच्या प्रसिद्धीत असा अडकला. संयुक्त राष्ट्रांची भाषा कुणालाच न दुखावण्याची असते असं आपण धरून चालतो. पण तिथले श्रोते आणि आपल्या टीव्हीवरचे श्रोते वेगळे, हे त्यांना उशिरा उमगलं असावं. जयशंकर यांचं उलटं झालं. सचिव असेपर्यंत मोजून-मापून बोलणारे, आणि मंत्री झाल्यावर युरोपात बसून युरोपलाच सुनावणारे. सचिवाला जे बोलायची मुभा नसते, ते मंत्र्याला बोलता येतं.

हे सगळं फळ्यावर मांडून झालं तेव्हा जिंतूरच्या मुलीने हात वर केला. “सर, मग हरदीपसिंग पुरी? तेही युनोत होते.”

प्रश्न नेमका होता. पुढे केंद्रात मंत्री झालेले पुरी परराष्ट्र सेवेच्या १९७४च्या बॅचचे आणि २००९ ते २०१३ न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताचे स्थायी प्रतिनिधी. इमारत तीच, पण बसायचे ‘इंडिया’ लिहिलेल्या पाटीमागे. तेव्हा ते देशाचेच माणूस, युनोचे नव्हेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मी पुरी याही परराष्ट्र सेवेतल्या, पण पुढे त्या संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत गेल्या आणि सहायक महासचिव झाल्या. म्हणजे एकाच घरात दोन्ही हुकूम. हे ऐकून पोरगी खुश झाली.

मग मी तिला नव्याने विचारलं, परराष्ट्र सेवेतून राजकारणात आलेले दोघे सांग. या वेळी ती थोडी थांबली. “जयशंकर आणि के. आर. नारायणन,” म्हणाली. “१९४९ला सेवेत. चीन आणि अमेरिकेत राजदूत. १९८४ला ओट्टपलममधून लोकसभा, नंतर उपराष्ट्रपती, राष्ट्रपती.” मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मागचा तो पोरगा तोवर वहीत ‘थरूर – बॅच नाही’ असं लिहून खाली दोन रेघा मारत होता.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. पोरगी अर्जात आयएफएस पहिल्या पसंतीला टाकणार म्हणते, तर ते खुशीत होते. “बरं झालं सर. वनखात्यात लागली तर येलदरीकडं पोस्टिंग मागता यील, घराजवळ राहील.”

वनसेवेचं आणि परराष्ट्र सेवेचं लघुरूप एकच आहे, हे त्यांना फोनवर समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, “म्हंजी बाहेरच्या देशात? मग राहू द्या, तिलाच बोलतो.”