ओढा वळवण्याची मुभा: पुण्यातल्या आयटी पार्कांच्या पाण्याची पार्श्वभूमी

पुण्यात ‘पूर’ म्हटलं की पानशेत. १२ जुलै १९६१ नंतर या शहराने पुराचा विचार केला तो धरण आणि नदी यांच्यापुरताच. त्याही मागे गेलं तर आंबिल ओढा खुद्द पेशव्यांनी वळवला होता, म्हणजे प्रवाह हलवायची सवय जुनीच. पण हिंजवडीच्या आयटी पार्कांत आज पावसात रस्ते पाण्याखाली जातात, त्याची मुळं पेशवाईत नाहीत, बांधकामाच्या नियमांत आहेत.

पूररेषा नदीला असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. मुठेसाठी हे आकडे ६० हजार आणि १ लाख क्युसेक. डोंगरउतारावरून येणाऱ्या, आठ महिने कोरड्या पडणाऱ्या ओढ्याला मात्र अशी रेषा कोणी आखून दिली नाही. त्याच्या वाट्याला आलं काठापासून काही मीटर सोडायचं अंतर आणि त्यालाच जोडलेला एक अपवाद.

हा अपवाद नीट वाचायला हवा. सखल जमिनीतून जाणाऱ्या, ठळक काठ नसलेल्या लहान प्रवाहाला नियोजन प्राधिकरण ठरवून देईल त्या मार्गाने आणि त्या छेदाने (म्हणजे पात्राच्या रुंदी-खोलीने) वळवायची परवानगी मिळू शकते. कागदावर यात वावगं काही नाही. काठच नसेल तर अंतर मोजायचं कुठून, हा प्रश्न खराच आहे. गोम अशी की हिंजवडीलगतच्या माण-मारुंजी गावांकडच्या ओढ्यांना ठळक काठ नसतो तो पाणी पसरून वाहतं म्हणून. पसरणं हेच त्यांचं काम. भातखाचरांत, बांधांवर, पडीक रानात ते रेंगाळायचं. प्लॉटच्या नकाशावर त्याची एक सरळ निळी रेघ होते, ती कंपाउंडच्या भिंतीला खेटून काटकोनात वळते आणि रस्त्याखाली सिमेंटच्या पाइपात शिरते. पाइपाचा व्यास त्या एका प्लॉटपुरता बरोबर असतो. वरच्या अंगाला आणखी पाच प्लॉट भराव टाकून उंच झाले, की तोच पाइप अपुरा पडतो, आणि तरीही नियम कोणीच मोडलेला नसतो.

नियोजनही तुकड्यांत होतं. पार्काच्या हद्दीत औद्योगिक महामंडळ, हद्दीबाहेर ग्रामपंचायती आणि २०१५ नंतर महानगराचं प्राधिकरण. ओढा तिन्हींतून वाहतो. शहराच्या पूर्वेला हडपसरजवळ शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच वसाहत आणि आयटी संकुल उभारलं, तिथे निदान एकसंध आराखडा करणं शक्य झालं. हिंजवडीत जमीन संपादनाने आली. ज्यांना पाण्याची वाट ठाऊक होती ते शेतकरी मोबदला घेऊन बाजूला झाले, त्यांना कोणी विचारलं नाही. माझ्या मते खरी चूक तिथे झाली.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुणेकरांना जागं केलं. धरणाचा काही संबंध नसताना माणसं वाहून गेली. २०२५ च्या जूनमध्ये हिंजवडीचे रस्ते वाहू लागले, त्यात मेट्रोच्या कामांची भर होती. मग ओढे मोकळे करण्याच्या नोटिसा निघाल्या आणि इथली गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याची जुनी मागणी पुन्हा वर आली.

आता निसर्ग, पूर आणि गाव एकत्र धरून पार्क आखण्याची भाषा होते, त्यामागे ही सगळी गोष्ट आहे. हिशेब साधा आहे. दहा एकरांवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २० लाख लिटर पाणी होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर, आणि असे टँकर हेच पार्क उन्हाळ्यात विकत घेतात. खाली काळा पाषाण असल्याने शोषखड्ड्यांत यातलं थोडंच जिरतं. बाकीचं काही तास थोपवून धरावं लागतं. त्यासाठी सखल भाग मोकळा ठेवायचा, पार्किंगचं तळघर तिथे खणायचं नाही, ओढ्याला रुंद पात्र द्यायचं आणि काठावर वाळुंज, करंज, उंबर राखायचे. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या हिरवळीने यातलं काहीच साधत नाही, तरी मोकळ्या जागेच्या हिशेबात ती दिमाखात मिरवते. त्या काठाने गावकऱ्यांना ये-जा करता आली तर ओढ्यात राडारोडा टाकणाराही लगेच नजरेत येतो. सुरक्षारक्षकांना मात्र ही कल्पना फारशी रुचत नाही.

घोडं अडतं खर्चावर. वरच्या पार्काने पाणी थोपवायला तळं राखलं की वाचतो तो खालचा पार्क आणि त्याच्याही खालची वस्ती. गाळ उपसायचं बिल मात्र वरच्याच्या देखभाल खर्चात पडतं आणि भाडेकरू कंपन्या दर वर्षी त्यावर बोट ठेवतात. ते बिल ओढ्याकाठच्या सगळ्या प्लॉटधारकांत वाटायचं, तर आधी ओढ्याचं पूर्ण पाणलोट एका नकाशावर आणावं लागेल, हद्दी कोणाच्याही असोत.